कोऱ्या काचेचं रीडिंग

गुरुवारी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला माझी पाच वर्षं वाया गेली, आणि मी कॅन्टीनमध्ये जाऊन दहीभात खाल्ला. भूक होती अशातला भाग नाही. कॅन्टीन तीनला बंद होतं, म्हणून गेले.

वाया काय गेलं ते साध्या शब्दांत सांगते. आमच्या गावी, सौंसरला, हे इतक्या जणांना सांगून झालंय की मला ते आता पाठच आहे. काचेच्या एका लहानशा पट्टीवर सोन्याचे कण बसवायचे. इतके बारीक, की त्या आकारात सोनं पिवळं राहतच नाही. पाण्यात असले तर पाणी लाल दिसतं. त्या कणांच्या मधेमधे क्वांटम डॉट घालायचे. हे त्याहूनही बारीक ठिपके, प्रकाश पडला की आपल्या ठरलेल्या रंगात उजळणारे. दोघांना एकमेकांच्या पुरेसं जवळ आणलं की एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. अशा पट्टीतून प्रकाश सोडला तर त्यातला एक रंग ती गिळते, आणि आलेखात त्या रंगाच्या जागी खड्डा दिसतो. आता वरून लेसर मारला की डॉटची अवस्था बदलणार, आणि पट्टी कोणता रंग गिळणार तेही बदलणार. म्हणजे कुठेही हात न लावता, नुसत्या प्रकाशाने जुळवून घेता येईल अशी काच. खाणीत किंवा झाडावर असली वस्तू मिळत नाही, ती बनवावी लागते, म्हणून तिला मेटामटेरियल म्हणतात. माझ्या पट्टीत खड्डा सरकत होता. दोन वर्षं रोज सरकत होता. त्या सरकण्यावर माझी पीएचडी उभी होती.

आम्ही लेख पाठवला तेव्हा तपासणाऱ्यांपैकी एकाने एकच साधी मागणी केली. डॉट न घातलेली, नुसती सोन्याची पट्टी याच लेसरखाली नव्याने मोजून दाखवा. तिला आम्ही कोरी काच म्हणतो. तिच्यात डॉटच नाहीत, तेव्हा तिचा खड्डा जागचा हलता कामा नये. त्या गुरुवारी मी कोरी काच लावली, लेसर सुरू केला, आणि खड्डा सरकला. जेवढा दोन वर्षं सरकत होता, तेवढाच सरकला.

मी तीनदा करून पाहिलं. अर्थ एकच निघत होता. डॉटनी काहीच केलेलं नव्हतं. लेसरने सोनं तापत होतं, सोन्याने कणांना धरून ठेवणारा भोवतीचा प्लॅस्टिकचा थर तापत होता, आणि खड्डा हलत होता. तवा तापला की पोळी फुगते, त्यात तव्यावर काढलेल्या नक्षीचा काही हात नसतो. मी ती नक्षी दोन वर्षं मिरवली होती.

माझे गाइड बरे गृहस्थ आहेत. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लेख मागे घेऊ म्हणाले, आणि मग विचारलं की लेखातल्या आलेखात कोऱ्या काचेचं जे रीडिंग होतं ते कुठून आलं होतं. मी म्हटलं, माझ्याआधी इथे जी मुलगी होती तिच्या वहीतून. तिचा लेसर जुना होता आणि फार कमकुवत होता, त्यामुळे तिच्या वहीत खड्डा हलला नव्हता ते बरोबरच होतं. मी तिची ओळ उचलून माझ्या आलेखात घातली होती. तू स्वतः का नाही घेतलंस, असं त्यांनी विचारलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण मी दिलं नाही.

मला वाईट वाटलं नाही. हे मी ऐटीत सांगत नाही. गेली दोन वर्षं मला असंच आहे. पहिल्यांदा खड्डा सरकला त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले, सगळ्यांनी पाठ थोपटली, मी हसले, आणि आत काही झालं नाही. दमले असेन, असं वाटलं. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मी दमलेलीच राहिले. आनंद होत नव्हता आणि होत नाही याचं दुःखही होत नव्हतं. आईचा फोन आला की जेवले, झोपले, थंडी आहे, एवढं सांगून ठेवून द्यायची.

पेढे वाटले त्या आठवड्यात मी बाबांना फोनवर सांगितलं होतं, प्रयोग जमला. ते म्हणाले, “मंग आता मले जामसांवलीले पायी जा लागते.” पोरीचा प्रयोग यशस्वी झाला तर सौंसरच्या घरापासून जामसांवलीच्या मारुतीपर्यंत अनवाणी चालत येईन, असा त्यांनी नवस केला होता. माझे बाबा तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. असल्या गोष्टींवर वर्गात त्यांनी कितीतरी वेळा टर उडवलेली मी माझ्या कानांनी ऐकली आहे. मी म्हटलं, बाबा, तुम्ही आणि नवस? तर म्हणाले, “तुह्यासाठी केला, माह्यासाठी थोडी केला.” मग कधी गुडघा, कधी पाऊस, कधी माझी रजा, असं करत ते चालणं लांबत गेलं आणि नेमकं त्या गुरुवारनंतरच्या शनिवारवर आलं. माझं तिकीट महिनाभर आधीच काढलेलं होतं.

तेव्हा त्या गुरुवारी रात्री गाडीत बसल्यावर माझ्यापुढे एकच प्रश्न होता. प्रयोग फसला हे बाबांना सांगणं मला जड नव्हतं. फसतात प्रयोग. पण ते शिक्षक होते, ते लगेच विचारणार, का फसला? आणि तो ‘का’ सरळ त्यांच्याच दारात जात होता.

बाबा पांढुर्ण्याच्या ज्या हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवायचे तिथेच मी अकरावी-बारावी केली. रोज सकाळी आम्ही दोघं सौंसरहून बसने जायचो, शाळेच्या फाटकापर्यंत बाप-लेक आणि आत सर-विद्यार्थिनी. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, त्यात एक कुलूपबंद कपाट. प्रॅक्टिकल जवळजवळ होतच नसे. होती ती एक फाइल. फार वर्षांपूर्वीच्या कोण्या हुशार मुलाने स्वच्छ अक्षरात हिंदीत लिहिलेली, प्रत्येक प्रयोगाची रीडिंगं भरलेली. दर वर्षी ती फाइल बाकांवरून फिरायची आणि सगळ्यांनी उतरवून घ्यायची. बाबांनी त्यात एक शिस्त आणली होती. पहिल्या बाकाने दशांशानंतरचा शेवटचा आकडा एकने वाढवायचा, दुसऱ्याने एकने कमी करायचा, तिसऱ्याने तसाच ठेवायचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला येणाऱ्या सरांना सगळ्यांची उत्तरं एकसारखी दिसत नसत. ते फळ्यावर लिहून द्यायचे, बाक एक, बाक दोन, बाक तीन. मी बाक दोनची. काचेचा अपवर्तनांक मी काढला, प्रिझमला बोट न लावता, आणि प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क मिळवले. यात काही वावगं आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही ते कधी सुचलं नाही. रीडिंग आधीच्याच्या वहीतून घ्यायचं असतं, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. गाइडना द्यायचं राहिलेलं उत्तर हे होतं.

शुक्रवारी सकाळी पांढुर्ण्याला उतरले आणि बसने सौंसरला आले. संत्र्यांची तोडणी चालू होती, रस्त्याच्या कडेला क्रेट रचून ठेवले होते. दारातच आई म्हणाली, “किती वाळली वं! जेवत नाही काय तू?” आणि लगेच आवाज खाली आणून, “तुह्या बाबाले सांगू सांगू थकली मी. गुडघा हा एवढा सुजला, अन् तरी म्हणते पायीच जाईन. तू तरी सांग.” मी म्हटलं, सांगते. आणि दिवसभर मूग गिळून बसले.

संध्याकाळी बाबा मला मुद्दाम बाजारात घेऊन गेले. भाजी आणायची होती म्हणे. भाजी आईने सकाळीच घेतली होती. चौकातल्या सराफांनी दुकानातूनच हाक मारली, “काय मंग म्याडम, किती तोळे सोनं लागते तुमच्या एका काचेले?” बाबाच उत्तरले, “तोळ्यात मोजाचं नाही ते, भाऊ. तुमच्या काट्यावर उतरतच नाही.” सराफ म्हणाले, “मंग धंदा कसा कराचा आम्ही?” दोघं पोटभर हसले. बाबा हे ठिकठिकाणी किती वेळा बोलले असतील ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांच्या पायांत चपला होत्या, आणि उद्या नसतील, हा एक विचार माझ्या मनात आला आणि निघून गेला.

शनिवारी उजाडल्यावर निघालो. नारळ, हार आणि बाबांच्या चपला घेऊन आई मागून ऑटोने येणार होती. मीही चप्पल काढायला लागले तर बाबांनी थांबवलं. “नवस माहा हाय. तू नुसती सोबत चाल.”

शनिवार म्हणून रस्त्याला माणसं होती. बाबा सुरुवातीला झपाझप चालले. सौंसर मागे पडल्यावर एका जागी रस्त्याचं काम चालू होतं आणि डांबर खरवडून टोकदार खडीची गिट्टी टाकलेली होती. तिथे ते दोन्ही हात जरा बाजूला धरून चालायला लागले. मी शेजारून बघत होते. सांगून टाक, असं मनात म्हणायचे आणि पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चालायचे. मग त्याच्या पुढच्या. भीती वाटत होती म्हणावं तर तेही नाही. बोलण्यासाठी जे काही उचलावं लागतं ते उचलत नव्हतं.

चहाच्या एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या बाईंनी बाबांचे पाय बघितले, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. जामसांवलीला लोक आपली गप्प झालेली, बिनसलेली माणसंही घेऊन येतात, तिथे मुक्कामाला ठेवतात. त्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, “पोरीले आणलं काय भाऊ? किती दिवस झाले गप्प हाय?”

बाबा गडबडले. “अवं नाही नाही! शास्त्रज्ञ हाय ते. प्रयोग यशस्वी झाला तिचा. नवस फेडून राहिलो मी.”

“असं काय,” बाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं. माझ्या चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माझी परीक्षा गाइड, तपासनीस आणि आईवडील यांच्यापेक्षा त्या बाईंनी नीट घेतली, असं मला वाटलं, आणि त्याचा रागही आला नाही. पण टपरीपासून वीस-पंचवीस पावलांवर मी बोलले.

“बाबा, नवस फिटत नाही.”

“कायले?”

“प्रयोग झालेलाच नाही. चुकलंय सगळं.”

ते चालत राहिले. मीही चालता चालता सांगितलं. कोरी काच, लेसर, तापलेलं सोनं, मागे घेतलेला लेख. बाबा फक्त समजलं की हुंकार देत होते, वर्गात मुलाचं उत्तर ऐकताना द्यायचे तसे. त्यांना सगळं समजलं. माझ्या सोबतच्या किती जणांना हे इतक्या पटकन समजलं असतं, शंका आहे.

“गरम झालं म्हणून सरकलं,” ते म्हणाले. “बरोबर. असंच व्हायला पाहिजे.” मग थोडं पुढे गेल्यावर, “पण मंग कोरी काच आधी कशी नाही सरकली?”

उपकरणात बिघाड होता, असं सांगता आलं असतं. शब्द तयार होते. मी म्हटलं, “आधी मी घेतलंच नव्हतं ते रीडिंग. आधीच्या मुलीच्या वहीतून घेतलं.”

रस्त्याला लागून एक लहानसा पूल होता. बाबा त्याच्या कठड्याशी थांबले आणि खाली बसले. देऊळ आता जवळच होतं, लाउडस्पीकर ऐकू येत होता. मी उभी राहिले.

“माह्यामुळं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो बाबा. तुमचा काय संबंध?”

त्यांनी मान वर केली. “खोटं नको बोलू. फाइल मीच देत होतो ना सगळ्यांले.”

मग ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले, मला समजावायला नाही, आपलं आपल्यालाच. सामान नव्हतं शाळेत. एक प्रिझम, त्याचाही कोपरा उडालेला, आणि वर्गात चाळीस पोट्टे. बाहेरून येणाऱ्या सरांना उत्तर बरोबर पाहिजे असायचं, कसं काढलं ते कोणी विचारत नव्हतं. “मी म्हणो, पोट्ट्यांचे मार्क कायले जाऊ द्या लागते. कोण जाऊन राहिलं पुढं शास्त्रज्ञ व्हायले?” इथे ते थांबले. “पण तू तर घरातच होती. प्रिझम थैलीत टाकून एक दिवस घरी आणला असता, अंगणात उन्हात बसून तुले एकटीले दाखवलं असतं, तर काय बिघडलं असतं माहं? एक दिवस. नाही आणला मी.”

“बाबा, ते जाऊ द्या.”

“नाही. तू सांग. माह्यामुळं झालं का?”

आता खोटं बोलले तर तेही त्याच फाइलीतलं होणार होतं. मी म्हटलं, “हो. तुमच्यामुळं. आणि माझ्यामुळं. मला नंतर तरी कळायला पाहिजे होतं.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रडले नाहीत. शेजारून माणसं जयजयकार करत जात होती. त्यांच्याकडे बघत बाबा म्हणाले, “तू जाऊन ये दर्शनाले. मी बसतो इथंच. मले त्याच्यासमोर उभं नाही राहता येणार आज.”

तेवढ्यात आईचा ऑटो आला. आम्हाला पुलावर बघून तिने तो थांबवला आणि हातात नारळाची पिशवी घेऊन उतरली. “काय झालं? गुडघा दुखून राहिला काय?”

“प्रयोग चुकला तिचा,” बाबा म्हणाले. “मी चुकीचं शिकवलं होतं.”

ऑटोवाला ऐकत होता, त्याला बाबा ओळखीचे होते, आणि त्याच्यासमोर बाबांनी हे वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं. आई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. तिने पिशवीतून बाबांच्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. “घाल त्याईच्या पायात. वाकता येत नाही त्याईले.”

मी खाली बसले आणि त्यांचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्याला दोन फोड आले होते, एक फुटला होता, आणि त्या ओल्या जागेत गिट्टीची कच बसली होती. मी ओढणीच्या टोकाने ती कच काढायला लागले. बाबांनी पाय आखडला, पण ओढून घेतला नाही. माझ्या खोट्या आलेखासाठी आलेले ते फोड होते, आणि मी ते शेजारी चालत राहून येऊ दिले होते. मला रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखलं, आणि ते इतकं दुखलं की चप्पल हातातून सुटली आणि मी भर रस्त्यात त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. आई पाठीवरून हात फिरवत होती. बाबा माझ्या केसांवर हात ठेवून बसले होते आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, “दाखवायले पाहिजे होतं मी. तुले तरी दाखवायले पाहिजे होतं.”